ट्रेड मशीन रिव्ह्यू: पगार जुळला म्हणजे ट्रेड जुळला असं नसतं

पहिलं म्हणजे हे मशीन फुकट आहे, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही. वेळ मात्र जातो आणि भरपूर जातो, डोंबिवलीला गाडीत चढलो की सीएसएमटी कधी आलं कळत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, ट्रेड म्हणजे टीमनी आपापसात प्लेअर बदलणं, आणि त्याचं ट्रेड मशीन म्हणजे एक वेबसाइट असते, ईएसपीएनचं सगळ्यांना माहीत आहे, बाकी पण चार-पाच ठिकाणी आहे. मी वापरतो त्याचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढे जरा बोलणार आहे आणि तसंही सगळ्यांची जात एकच. दोन टीम निवडायच्या (तीन पण चालतात), इकडचा प्लेअर तिकडे टाकायचा, तिकडचा इकडे, वाटलं तर ड्राफ्ट पिक्स (दरवर्षी नवीन पोरं निवडायला टीमना जे नंबर मिळतात ते, फर्स्ट राउंडचे जास्त मोलाचे) जोडायचे आणि बटण दाबायचं. हिरवी टिक आली म्हणजे ट्रेड नियमात बसतो (मुख्य नियम, दोन्हीकडचे पगार साधारण जुळले पाहिजेत), लाल आलं म्हणजे नाही. बस. एवढ्यावर मी तीन सीझन काढले.

माझी टीम डॅलस. २०११ ला डर्क नोवित्स्कीनी लेब्रॉन जेम्सच्या मायामीला फायनलमध्ये ४-२ हरवलं तेव्हापासून. मग २०१५ ला आपला सतनाम सिंग डॅलसनीच ५२व्या नंबरवर ड्राफ्ट केला, लीगमध्ये मॅच खेळायला मिळाली नाही बिचाऱ्याला, पण तेवढ्यानी आपलेपणा वाढला. डॅलसच्या घरच्या मॅचेस आपल्याकडे थंडीत सकाळी सात-साडेसातला सुरू होतात, म्हणजे सव्वासातची फास्ट पकडली आणि खिडकी मिळाली तर दादरपर्यंत हाफटाइम. हे सगळं का सांगतोय, तर रिव्ह्यू वाचणाऱ्याला कळावं की माणूस कुठून बोलतोय. मी तटस्थ नाही.

तर २ फेब्रुवारी २०२५. रविवार. पावणेअकराच्या आसपास पोहे खात होतो आणि भाच्याचा मेसेज, "मामा, लुका लेकर्सला गेला". म्हटलं गप रे. मग शॅम्स चरानियाची (ट्रेडच्या बातम्या सगळ्यात आधी देणारा पत्रकार) पोस्ट बघितली, जगभर सगळ्यांना वाटलं तसं मला पण वाटलं की अकाउंट हॅक झालंय. हॅक नव्हतं. लुका डॉन्चिच, २५ वर्षांचा, लागोपाठ पाच वर्षं ऑल-एनबीए फर्स्ट टीम म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पाचात, आठ महिन्यांपूर्वी टीमला फायनलला नेलेला माणूस, दिला. बदल्यात ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सचा २०२९ चा एक फर्स्ट राउंड पिक. एक! पोहे तसेच ठेवले आणि पहिलं काय केलं असेल तर मशीन उघडलं. खरंच. माणूस गेल्यावर नातेवाईक कागदपत्रं शोधतात तसं. साइटवर अजून जुन्याच टीम होत्या, लुकाला डॅलसमधून उचललं, लेकर्समध्ये टाकलं, डेव्हिसला इकडे आणलं, आणि कसलाही त्रास न देता दोघांचे पगार जुळले. लुका ४३ मिलियन डॉलर, डेव्हिस ४३ मिलियन आणि थोडे. किरकोळ फरक. बाकीच्या बारक्या प्लेअर्सचा मेळ बसवायला युटा जॅझला मध्ये घेतलं होतं ते पण टाकलं. हिरवी टिक.

तिथे मला या प्रॉडक्टची खरी लायकी कळली. वाईट अर्थानी नाही. मशीनला विचारलं काय होतं, तर पगार जुळतो का. त्यानी सांगितलं जुळतो. आता पंचवीसचा आणि एकतीसचा फरक त्याला दिसत नाही, पाय किती वेळा दुखावलाय ते दिसत नाही, डॅलसमधली पोरं लुकाच्या ७७ नंबरचा टीशर्ट घालून शाळेत जातात ते दिसत नाही, तर ते त्याचं काम नाहीच. तक्रार आहे ती डॅलसच्या जनरल मॅनेजरबद्दल, निको हॅरिसननी पण बहुतेक एवढंच बघितलं. म्हणे डिफेन्सनी चॅम्पियनशिप येते. आली नाही. डेव्हिस पहिल्याच मॅचला २६ पॉइंट १६ रिबाउंड मारून दुखावला, महिनाभरात दुसऱ्या स्टारचा, कायरी अर्व्हिंगचा, गुडघा गेला, स्टेडियममध्ये "फायर निको" च्या घोषणा, सीझन ३९-४३ (३९ जिंकल्या, ४३ हरल्या), प्ले-इनमध्ये म्हणजे प्लेऑफच्या आधीच्या पात्रता मॅचेसमध्ये मेम्फिसनी घरी पाठवलं. मध्ये ९ एप्रिलला लुका लेकर्सच्या जर्सीत डॅलसला आला, त्याच्यासाठी व्हिडिओ लावला, तो बाकावर बसून रडला आणि मग उठून ४५ मारले. मी त्या दिवशी हाफ डे टाकला होता. ऑफिसला कारण वेगळं सांगितलं.

आता भाचा. हा पोरगा वीस वर्षांचा, टीम ओक्लाहोमा सिटी, आणि त्याचं म्हणणं की मामा, स्टार विकल्याशिवाय मोठं होता येत नाही. त्याच्याशी वाद घालायलाच मी मशीन जास्त वापरायला लागलो. पण मशीनमध्ये एक मोठी गोची आहे, त्यात फक्त आजच्या टीम आणि आजचे पगार असतात. जुना ट्रेड टाकून बघता येत नाही. म्हणजे ज्या प्रश्नासाठी आपण ते उघडतो, की स्टार विकून टीमचं कधी भलं झालंय का, त्याचं उत्तर त्यात मिळायची सोयच नाही, ते आपल्यालाच वहीत मांडावं लागतं. मी मांडलं. तेच खाली लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय मशीनला किती मार्क द्यायचे ते ठरत नाही.

भाच्याचा हुकमाचा पत्ता म्हणजे २०१९. कावाय लिओनार्ड क्लिपर्सला जायला तयार, पण म्हणाला सोबत पॉल जॉर्ज पाहिजे. जॉर्ज ओक्लाहोमाकडे, आणि त्यालाही जायचंय. आता क्लिपर्सची घाई बघा, एक जॉर्ज आणला की दोन स्टार मिळतात, नाही आणला तर एकही नाही. ओक्लाहोमाच्या जनरल मॅनेजरनी, सॅम प्रेस्टीनी, ही घाई बरोबर ओळखली आणि दुकान पूर्ण रिकामं करून घेतलं, पाच फर्स्ट राउंड पिक्स, दोन पिक स्वॅप (आपला नंबर त्यांच्या चांगल्या नंबरशी बदलून घ्यायचा हक्क), डॅनिलो गॅलिनारी, आणि शाई गिल्जस-अलेक्झांडर. त्या वेळी शाई वीस वर्षांचा, एक सीझन खेळलेला, सरासरी १०.८ पॉइंट. हे वाचताना मशीन डोळ्यासमोर आणा. मशीनमध्ये हा ट्रेड कसा दिसला असता? जॉर्जच्या मोठ्या पगारासमोर गॅलिनारीचा मोठा पगार, तो मुख्य माल, आणि शाई म्हणजे बाजूचे सुट्टे. त्या सुट्ट्यांनी २०२५ ला एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेअर) घेतला, फायनल एमव्हीपी घेतला, टीम ६८-१४ नी जिंकली आणि कप आणला. क्लिपर्सच्या पिक्समधल्या एकातून २०२२ ला बाराव्या नंबरवर जेलन विल्यम्स आला तो वेगळाच. आणि जॉर्ज? २०२४ ला क्लिपर्सना टाटा करून फिलाडेल्फियाला, बदल्यात क्लिपर्सना काही नाही. फुकट गेला.

हा ट्रेड स्टार विकून झालेला फायदा आहे का, तर आहे, शंभर टक्के आहे, मी भाच्याला तिथे हात जोडले. पण मध्ये २२-५० आणि २४-५८ असे दोन सीझन होते ते पण लिहा म्हटलं. तेव्हा भाचा शाळेत होता, त्याला ते भोगावं लागलं नाही. तो टीमवर आला तेव्हा जेवण तयार होतं.

बरं याच्यात अजून एक गंमत आहे आणि ही आपल्या वरळीपर्यंत येते. २०२५ च्या फायनलला ओक्लाहोमासमोर कोण होतं, इंडियाना पेसर्स. पेसर्सची टीम कशी बनली? हाच पॉल जॉर्ज आधी पेसर्सचा होता, २०१७ ला त्यांनी तो ओक्लाहोमाला दिला आणि व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटस साबोनिस घेतले. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एनएससीआय डोममध्ये पेसर्स आणि सॅक्रमेंटो किंग्ज खेळायला आले होते, एनबीएची भारतातली पहिली मॅच, मी दुसऱ्या दिवशीच्या मॅचला गेलो होतो, तिकिटाचा आकडा बायकोला आजही माहीत नाही. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, म्हणून तो सगळा घाट. तेव्हा साबोनिस पेसर्सकडे होता. अडीच वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, पेसर्सनी त्याला कोणाला दिला असेल? किंग्जनाच. आणि घेतला टायरीस हॅलिबर्टन. म्हणजे २०२५ च्या फायनलमधल्या दोन्ही टीमची मुळं खणत गेलात तर खाली पॉल जॉर्ज सापडतो. दोघांनी त्याला विकलं आणि दोघं फायनलला. त्याला स्वतःला एकही रिंग नाही. नशीब म्हणजे काय बघा.

साबोनिस-हॅलिबर्टन ट्रेड मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात कोणी कोणाला गंडवलं नाही. सॅक्रमेंटोत सोळा सीझन प्लेऑफ नव्हतं, साबोनिस आला आणि पुढच्याच वर्षी २०२३ ला ते गेले. नंतर गाडी परत घसरली ते वेगळं. पेसर्सना पाहिजे होता गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारा, किंग्जकडे फॉक्स आणि हॅलिबर्टन असे दोन गार्ड एका म्यानात. ज्याच्याकडे जे जास्त झालंय ते दिलं. असा ट्रेड मशीनमध्ये टाकला असता तर मी स्वतः शिव्या घातल्या असत्या की एकवीस वर्षांचा असा पोरगा कोण देतो. म्हणजे माझ्यावर पण फार विश्वास ठेवू नका.

आता मोठा इतिहास फार खोलात न जाता. विल्ट चेंबरलेन १९६८ ला फिलाडेल्फियानी लेकर्सला दिला, तीन प्लेअर घेतले, आणि १९७२-७३ ला फिलाडेल्फिया ९-७३. विल्टनी दरम्यान लेकर्सना १९७२ चा कप दिला. करीम अब्दुल-जब्बार १९७५ ला मिलवॉकीनी दिला, पुन्हा लेकर्स, चार चांगली पोरं मिळाली, त्यातल्या ब्रायन विंटर्स आणि ज्युनियर ब्रिजमनच्या जर्सी मिलवॉकीनी नंतर रिटायर पण केल्या म्हणजे बघा किती चांगली, ऐंशीच्या दशकात टीम बरी होती, पण १९७१ नंतरचा कप यायला २०२१ उजाडलं. पन्नास वर्षं. करीम तिकडे लेकर्सकडून पाच जिंकला. एकाच्या बदल्यात चार चांगले, हा हिशोब भाजीत चालतो. बास्केटबॉलमध्ये एका वेळी पाचच जण कोर्टवर, चार चांगले मिळून एक करीम होत नाही, कारण बाकीच्या तीन खुर्च्यांवर आधी कोणीतरी बसलेलंच असतं. मशीन मात्र एकाला चार असं टाकलं की टिक देतं, पगार जुळला की झालं.

केविन गार्नेटचं तर उदाहरण शाळेत शिकवायला पाहिजे. २००७ ला मिनेसोटानी त्याला बॉस्टनला दिलं, बदल्यात पाच प्लेअर आणि दोन पिक्स, सात वस्तू. बॉस्टन पुढच्याच वर्षी २००८ ला चॅम्पियन. मिनेसोटाला पुढचं प्लेऑफ २०१८ ला. आणि मग तोच गार्नेट म्हातारा झाल्यावर, ३७ चा, सोबत ३५ चा पॉल पिअर्स, बॉस्टननी २०१३ ला ब्रुकलिनच्या गळ्यात मारले आणि २०१४, १६, १८ चे फर्स्ट राउंड पिक्स आणि २०१७ चा स्वॅप उचलला. ब्रुकलिनच्या मालकाला लगेच कप पाहिजे होता ना. २०१६ चा पिक जेलन ब्राउन झाला, २०१७ चा स्वॅप पहिल्या नंबरचा निघाला, तो बॉस्टननी तिसऱ्या नंबरवर सरकवून वर अजून एक पिक घेतला आणि तिथे जेसन टेटम उचलला. २०२४ चा कप या दोघांचा, आणि फायनलला हरवलं कोणाला, माझ्या डॅलसला. म्हणजे एकच माणूस, घेताना पण बॉस्टनचा फायदा, विकताना पण बॉस्टनचा फायदा. पिअर्स तर बॉस्टनचा घरचा माणूस, पंधरा वर्षं खेळलेला, त्याला विकताना लोक रडले असणार. पण तो ३५ चा होता हो. लुका २५ चा होता. सगळा फरक तिथे आहे. झाड वठायला आल्यावर लाकूड विकणं वेगळं आणि मोहोर आलेला आंबा तोडणं वेगळं.

टोरंटोचं मला आजही ठरवता येत नाही. डिमार डीरोझन नऊ वर्षं तिथे, गावावर जीव, दुसऱ्या कुठल्या टीमकडे नजर न टाकणारा. २०१८ ला ५९ मॅच जिंकल्या आणि प्लेऑफला लेब्रॉननी परत झोपवलं. टीमच्या तेव्हाच्या बॉसनी, मसाई उजिरीनी, डीरोझनला सॅन अँटोनियोला पाठवून कावायला आणलं, ज्याचं एकच वर्ष काँट्रॅक्ट उरलंय आणि जो थांबेल याची काही गॅरंटी नाही. फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या मॅचला त्याचा तो चार टप्पे खाऊन आत गेलेला शॉट आठवतो ना? २०१९ ला टोरंटो चॅम्पियन. आणि कावाय महिन्याभरात क्लिपर्सला. (आणि तिथे त्यानी पॉल जॉर्जला बोलवायला लावलं आणि ओक्लाहोमाला शाई मिळाला. फिरून फिरून भोपळे चौकात.) टीमचा फायदा झाला का, कप कपाटात आहे, झाला. पण यात स्टार देऊन त्याहून मोठा स्टार घेतलाय, हे स्टार विकणं नाही म्हणता येणार, वरची नोट घेऊन खालची दिली. डीरोझनला विचारलं तर तो काय सांगेल ते मला माहीत आहे.

विकायचा नाहीच असं ठरवून फायदा झाल्याचं पण वहीत आहे. २००७ ला लेकर्सचा कोबी ब्रायंट स्वतः जाहीरपणे म्हणाला मला ट्रेड करा. लेकर्सनी नाही केला. फेब्रुवारी २००८ ला पाऊ गसोल आणला आणि २००९, २०१० असे दोन कप. गसोल कशाच्या बदल्यात आला ते बघायचं असेल तर अजून मागे जा, २००४ ला शॅक, म्हणजे शकील ओनील, मायामीला विकला, त्यात लमार ओडम आणि कॅरॉन बटलर आले, बटलर देऊन क्वामी ब्राउन घेतला, ज्याच्यावर सगळे हसले, आणि क्वामीचा पगार पुढे करून गसोल. शॅकनी मायामीला २००६ ला कप दिला म्हणून तेव्हा सगळे म्हणाले लेकर्सनी माती खाल्ली. सहा वर्षांनी हिशोब बरोबरीत आला, उलट थोडा वरच.

डेन्व्हरचं बघा, कार्मेलो अँथनी २०११ ला न्यूयॉर्कला दिला, त्यातल्या एका कोपऱ्यात २०१६ चा पिक स्वॅप होता जो त्या वेळी कोणी वाचला पण नसेल. त्या स्वॅपमुळे नवव्याऐवजी सातवा नंबर मिळाला आणि तिथे जमाल मरे. २०२३ ला डेन्व्हरचा पहिला कप. बारा वर्षं! मी वापरतो त्या मशीनमध्ये टिकच्या खाली एक आकडा येतो की या ट्रेडनी या सीझनला तुमच्या किती मॅच वाढतील किंवा कमी होतील. या सीझनला. बारा वर्षांनंतरचा रकाना नाही. आणि स्वॅप टाकायचं बटण फोनवर अर्धं स्क्रीनच्या बाहेर जातं, हे डेन्व्हरवाल्यांना सांगितलं पाहिजे.

नियमांच्या बाबतीत मात्र मशीनला पैकीच्या पैकी. त्यासाठी तरी एकदा वापराच. पगाराची मर्यादा ओलांडलेल्या टीमला जेवढा पगार आणायचा साधारण तेवढा बाहेर पाठवावा लागतो. त्याच्यावर फर्स्ट एप्रन, सेकंड एप्रन असे टप्पे आहेत, सेकंड एप्रनच्या वर असलात तर दोन प्लेअरचे पगार एकत्र करून एक मोठा आणता येत नाही. हे मला बातम्या वाचून तीनदा समजलं नव्हतं, मशीननी लाल फुली मारून मारून समजावलं. लागोपाठ दोन वर्षांचे फर्स्ट राउंड पिक्स देऊन टाकता येत नाहीत, त्या नियमाला टेड स्टेपियन नावाच्या क्लीव्हलंडच्या जुन्या मालकाचं नाव आहे, त्यांनी पिक्स हळदीकुंकवाच्या वाणासारखे वाटले होते. आपल्याकडे आयपीएलमध्ये असलं काही नाही, हार्दिक २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुजरातकडून मुंबईला आला तो रोख पैशावर, समोरून कोणी प्लेअर गेलाच नाही, मुंबई त्या सीझनला शेवटून पहिली आली आणि वानखेडेवर आपल्याच माणसाला आपल्याच लोकांनी हुर्यो केली. त्याचं मशीन बनवायचं तर नुसता कॅल्क्युलेटर पुरेल.

मग आला मे महिना आणि भाच्याला तोंड फुटलं. ड्राफ्ट लॉटरीत (प्लेऑफ हुकलेल्या टीमना ड्राफ्टचे वरचे नंबर सोडतीनी मिळतात) डॅलसची पहिल्या नंबरची शक्यता १.८ टक्के होती. आणि लागली. कूपर फ्लॅग, त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला सगळ्यात भारी पोरगा! भाचा थेट घरी आला, म्हणाला, "मामा, ट्रेड झाला नसता तर तुम्ही हरला नसता, हरला नसता तर लॉटरीत नसता, मग फ्लॅग कुठून आला असता? म्हणजे फायदाच झाला ना तुझा." ताई पण हसायला लागली, तिला यातलं काही कळत नाही पण मी गप्प झालोय एवढं कळलं.

दोन दिवस विचार केला. त्याचं चूक आहे आणि कुठे चूक आहे ते मला वहीनीच दाखवलं. शाई, टेटम, मरे, हे सगळे पण नशिबाचेच आहेत, मान्य, पण ते ट्रेडमध्ये मिळालेल्या तिकिटांवर लागले. प्रेस्टीनी तिकिटांचा गठ्ठा घेतला होता म्हणून एखादं लागलं. फ्लॅगचं तिकीट डॅलसच्याच खिशातलं होतं, लेकर्सनी दिलेलं नव्हतं. लेकर्सनी दिलेलं तिकीट २०२९ चं आहे. घर जळालं आणि राखेत आजीची अंगठी सापडली, म्हणून आग लावणाऱ्याचे आभार मानायचे का? मालकांनी पण मानले नाहीत, नोव्हेंबर २०२५ मध्ये हॅरिसनला काढलं.

आणि सगळ्यात डोकं फिरतं ते लुकाच्या किमतीवर. २०२४ च्या जूनमध्ये मिकल ब्रिजेस, चांगला प्लेअर, पण एकदाही ऑल-स्टार नाही, त्याच्यासाठी न्यूयॉर्कनी पाच फर्स्ट राउंड पिक्स मोजले. २०२२ ला रूडी गोबेअरसाठी मिनेसोटानी चार पिक्स, एक स्वॅप आणि वर वॉकर केसलर धरून पाच प्लेअर दिले. लुकासाठी एक पिक. का, तर गुपचूप फक्त लेकर्सशीच बोलले, बाकी कोणाला कळूच दिलं नाही. जुना फ्रिज विकायचा तरी आपण चार ठिकाणी भाव विचारतो. नेमकी हीच गोष्ट, समोरच्याला किती घाई आहे आणि दारात किती गिऱ्हाईकं उभी आहेत, मशीनमध्ये टाकायला जागा नाही आणि कधी होणार पण नाही. स्टार विकून ज्यांचं भलं झालं त्या प्रत्येकाच्या ट्रेडमध्ये समोर कोणीतरी उतावळा बसला होता, क्लिपर्स, ब्रुकलिन, न्यूयॉर्क. डॅलसच्या ट्रेडमध्ये उतावळे आपणच.

पोर्टलंडचं लिहायचं राहिलं, ते गमतीसाठी. डेमियन लिलार्ड २०२३ ला मिलवॉकीला विकला, त्यात ज्रू हॉलिडे आला, तो पोर्टलंडनी लगेच बॉस्टनला दिला, बॉस्टन चॅम्पियन. २०२५ च्या उन्हाळ्यात मिलवॉकीनी लिलार्डला सोडलं आणि तो परत पोर्टलंडला, आणि हॉलिडे पण ट्रेडमध्ये परत पोर्टलंडला. लग्नातलं पाकीट फिरून आपल्याच घरी यावं तसं. यात कोणाचं भलं झालं ते ज्याला कळेल त्यानी मला पण सांगा.

तर मार्क. पाचपैकी साडेतीन. एक मार्क मी वापरतो त्या साइटवर फोनमध्ये होणाऱ्या हालासाठी कापला, नाव खेचायला जावं तर पानच सरकतं आणि गाडीत नेट गेलं की मांडलेला ट्रेड पुसला जातो, सेव्ह होत नाही. अर्धा त्या खालच्या आकड्यासाठी, कारण लुकाच्या ट्रेडला त्यानी डॅलसच्या मॅचेस वाढतील असं दाखवलं होतं, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. लॅपटॉपवर वापरा, नियम शिकायला वापरा, ट्रेड डेडलाइनच्या आधीचा आठवडा तर धमाल येते. टीम तीनच्या वर टाकू नका, अडकतं.

काल रात्री भाच्यानी एक स्क्रीनशॉट पाठवला. फ्लॅग ओक्लाहोमाला, डॅलसला तीन प्लेअर आणि चार पिक्स. वर हिरवी टिक. खाली लिहिलंय, "मामा, पिक्स बघ तरी."

बघितले. अजून उत्तर दिलेलं नाही.